तोशिबाचे नाव यादीत राहिले, पण कोणाच्या जिवावर?

20 डिसेंबर 2023 रोजी टोकियो शेअर बाजाराच्या यादीतून तोशिबाचे नाव निघाले. 1949 पासून, म्हणजे तब्बल 74 वर्षे ते नाव तिथे होते. आपल्यापैकी अनेकांनी तोशिबाचा टीव्ही पाहिला आहे, कोणी कॉलेजात असताना तोशिबाचा सेकंडहँड लॅपटॉप वापरला आहे. इतकी मोठी कंपनी शेअर बाजारातून बाहेर पडली म्हणून हळहळायला हरकत नाही. परंतु खरी गोष्ट तिच्या बाहेर पडण्याची नाही. त्याच्या सहा वर्षे आधी, 2017 मध्ये, याच कंपनीने यादीतले हेच नाव वाचवण्यासाठी जिवाचे रान केले होते. त्या लढाईत ती जिंकली. आणि जिंकूनसुद्धा काय उरले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आमच्या अभ्यासवर्गात या विषयावर बोलताना एका मुलाने विचारले, "सर, शेअर बाजारातून नाव गेले म्हणजे कंपनी बुडालीच ना?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर ठामपणे दिले पाहिजे : नाही. हल्ली आपल्या तरुणांच्या मोबाईलमध्ये डिमॅट खाते असते, त्यामुळे शेअरचा भाव म्हणजेच कंपनी असा समज पक्का होत चालला आहे. मोठमोठे संचालक आणि बँकर हाच समज धरून निर्णय घेतात. त्यांच्या बाबतीत मात्र तो भाबडेपणा नसतो, त्यात हिशोब असतो.

लिस्टिंग म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करून घेऊ. कंपनीचा शेअर बाजाराच्या यादीत असला की तो कोणीही विकत घेऊ शकतो, कोणीही विकू शकतो. त्यामुळे कंपनीला नवे भांडवल उभे करणे सोपे जाते, बँका विश्वासाने कर्ज देतात, पेन्शन फंड पैसे गुंतवतात. या बदल्यात बाजार अटी घालतो. हिशोब वेळेवर जाहीर करा, लेखापरीक्षकाची सही आणा, कंपनीची देणी तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त होऊ देऊ नका. अटी मोडल्या तर नाव काढले जाते. कागदावर हा नियम सगळ्यांना सारखा आहे. प्रत्यक्षात तो कसा चालला, ते आता पाहू.

2015 मध्ये तोशिबाचा हिशोबाचा घोटाळा उघड झाला. एका माजी सरकारी वकिलाच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने जुलै महिन्यात अहवाल दिला. त्यानुसार सुमारे सात वर्षांत 15,180 कोटी येन इतका नफा फुगवून दाखवला गेला होता. त्या काळातले तिन्ही अध्यक्ष, आत्सुतोशी निशिदा, नोरिओ सासाकी आणि हिसाओ तानाका, यांच्यावर ठपका आला आणि त्यांना उरलीसुरली पदे सोडावी लागली. आता हा नफा फुगवला कसा? कोणी रात्री येऊन वह्या बदलल्या नाहीत. वरून "चॅलेंज" दिले जायचे. चॅलेंज हा तिथला अधिकृत शब्द होता. तिमाही संपत आली की अध्यक्ष विभागप्रमुखांना बोलावून सांगायचे, एवढा नफा वाढवून आणा. सप्टेंबर 2012 मध्ये संगणक विभागाला तर तीन दिवसांत 1,200 कोटी येनने नफा सुधारायला सांगितले गेले. तीन दिवसांत लॅपटॉप विकून एवढा नफा येत नसतो, हे सांगणाऱ्यालाही माहीत होते आणि ऐकणाऱ्यालाही. मग लॅपटॉप जोडून देणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांना सुटे भाग चढ्या भावाने विकायचे, ती वाढ आपला नफा म्हणून लिहायची आणि पुढे तेच भाग तयार लॅपटॉपमधून परत विकत घ्यायचे, असा मार्ग काढला गेला. त्या विभागात असेही महिने आले, जेव्हा महिन्याच्या एकूण विक्रीपेक्षा महिन्याचा नफा जास्त होता. शंभर रुपयांची भाजी विकून एकशे दहा रुपये नफा!

समितीने आणखी एक गोष्ट नोंदवली. तोशिबामध्ये वरिष्ठाच्या इच्छेविरुद्ध जाता येत नाही अशी संस्कृती होती. वरच्याने सांगायचे, खालच्याने मान खाली घालून करायचे आणि उघडे पडले की "मी खोटे करा असे म्हटलेच नव्हते" असे वरच्याने म्हणायचे. ही उतरंड आपल्याला कोणी जपानमधून आणून शिकवायची गरज नाही.

मग बाजाराने काय केले? तोशिबाचे नाव काढले नाही. सप्टेंबर 2015 मध्ये कंपनीला "सावधान" गटात टाकले, 9 कोटी 12 लाख येनचा करारभंगाचा दंड लावला आणि कारभार सुधारायला मुदत दिली. सरकारी नियामकाने वेगळा 737 कोटी येनचा दंड केला. माजी अध्यक्षांपैकी एकावरही फौजदारी खटला उभा राहिला नाही.

आता याच्या शेजारी दुसरे प्रकरण ठेवा. 2006 मध्ये लाइव्हडोअर नावाच्या इंटरनेट कंपनीवर टोकियोत छापे पडले. तिचा प्रमुख ताकाफुमी होरिए हा तिशीतला तरुण. टाय न लावता टी-शर्टवर फिरणारा, जुन्या उद्योगघराण्यांना आणि टीव्ही कंपन्यांना विकत घ्यायला निघालेला, बड्यांच्या डोळ्यांत खुपणारा. त्याच्या कंपनीने हिशोबात दाखवलेला खोटा नफा होता साधारण 530 कोटी येन. तोशिबाच्या आकड्याच्या जवळपास तिसाव्या हिश्शाएवढा. तीन महिन्यांत, एप्रिल 2006 मध्ये, लाइव्हडोअरचे नाव यादीतून काढले गेले. होरिएला अडीच वर्षांची शिक्षा झाली आणि तो तुरुंगात जाऊन आला. त्याने गुन्हा केला होता, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्याच्यावर भाव चढवण्यासाठी खोटी माहिती पसरवल्याचाही ठपका होता, ते इथे सांगितले पाहिजे. पण प्रस्थापिताने केले तर "कारभारातील त्रुटी" आणि उपऱ्याने केले तर तुरुंग, हा न्याय कुठला?

इथे कोणी म्हणेल की हे सोयीचे उदाहरण झाले. 2005 मध्ये कानेबो ही 19 व्या शतकापासूनची कंपनी हिशोबाच्या घोटाळ्यासाठीच यादीतून गेली, ती काही उपरी नव्हती. हे खरे आहे आणि ते मी लपवत नाही. कानेबो आणि लाइव्हडोअरनंतर बाजाराने नाव काढणे आणि माफ करणे यांच्यामधली एक पायरी तयार केली. तीच ही "सावधान" गटाची पायरी. ती तयार करण्यामागे तर्क होता : नाव काढले की शिक्षा गुन्हेगार संचालकाला होत नाही, शेअरधारकाला होते. तर्क बरोबर आहे. पण मधल्या पायरीवर उभे राहून दम घ्यायची सोय शेवटी कोणाला मिळाली? 2011 चा घोटाळा करून ऑलिम्पस यादीत राहिली. नंतर तोशिबा राहिली.

तोशिबाला दम मात्र घेता आला नाही, कारण दुसरे संकट दाराशी होते. 2006 मध्ये तिने वेस्टिंगहाऊस ही अमेरिकेतली अणुभट्ट्या बनवणारी कंपनी 540 कोटी डॉलरच्या व्यवहारात घेतली होती. 2011 मध्ये फुकुशिमा झाले, जगभर अणुऊर्जेचे गणित बदलले, पण तोशिबाच्या वरच्या मजल्यावर ते कोणी मान्य करेना. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिना इथल्या अणुभट्ट्यांचे काम रखडत गेले, खर्च फुगत गेला. डिसेंबर 2015 मध्ये, म्हणजे घोटाळा उघड झाल्यानंतरही, वेस्टिंगहाऊसने या कामातली बांधकाम कंपनी आपल्या अंगावर घेतली आणि तिच्यासोबत न दिसणारा खड्डाही घेतला. (याच वेस्टिंगहाऊसच्या सहा अणुभट्ट्या आंध्रातल्या कोव्वाडाला यायच्या होत्या, हे जाता जाता लक्षात असू द्या.) 14 फेब्रुवारी 2017 रोजी तोशिबाला ठरलेल्या वेळी निकाल जाहीर करता आले नाहीत. अणुऊर्जेत 71,250 कोटी येन बुडाल्याचा अंदाज तिने सांगितला. 29 मार्चला वेस्टिंगहाऊसने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. एप्रिलमध्ये तोशिबाने लेखापरीक्षकाच्या सहीविनाच निकाल प्रसिद्ध केले. आणि मार्च 2017 अखेरचा ताळेबंद पूर्ण झाला तेव्हा वर्षाचा तोटा 96,570 कोटी येन होता. देणी मालमत्तेपेक्षा 55,290 कोटी येनने जास्त होती.

इथून ती लढाई सुरू होते. टोकियो बाजाराचा नियम असा होता की वर्षअखेर मालमत्ता उणे झाली तर कंपनीला पहिल्या विभागातून दुसऱ्या विभागात उतरवायचे आणि पुढच्या वर्षअखेरही उणेच राहिली तर नाव काढायचे. 1 ऑगस्ट 2017 रोजी तोशिबा दुसऱ्या विभागात उतरली. तिच्यापुढे आता तारीख होती 31 मार्च 2018. त्या दिवसापर्यंत उण्याचे अधिक केले पाहिजे, मग त्यासाठी काहीही विकावे लागो.

त्याच ऑगस्टमध्ये काय घडले ते नीट पाहा. लेखापरीक्षकाने अखेर हिशोबावर सही केली, पण आक्षेप नोंदवून. कंपनीच्या अंतर्गत नियंत्रणाबद्दल तर त्याने सरळ प्रतिकूल मत दिले. म्हणजे या कंपनीची स्वतःवर लक्ष ठेवायची व्यवस्था नीट काम करत नाही, असे बाहेरच्या तपासनीसाने लेखी सांगितले. दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, बाजाराच्या नियमन संस्थेने निर्णय दिला की तोशिबाचे अंतर्गत नियंत्रण सुधारले आहे, तिला "सावधान" गटातून बाहेर काढा. एकच कंपनी, एकच विषय आणि दोन महिन्यांच्या अंतराने दोन उलटी उत्तरे! संस्थेकडे तिची कारणे होती, सुधारणा झाल्याचे कागद होते. पण लहान कंपनीसाठी हे कागद इतक्या आस्थेने वाचले गेले असते का, एवढेच विचारावेसे वाटते.

विक्री तर आधीच सुरू झाली होती. 2016 मध्ये वैद्यकीय उपकरणांचा विभाग कॅननला 66,550 कोटी येनला गेला. तो फायद्यातला विभाग होता, सीटी स्कॅन मशीन बनवणारा. फ्रिज, वॉशिंग मशीनचा विभाग चीनच्या मिडियाकडे गेला. जपानला 1955 मध्ये विजेवर आपोआप भात शिजवणारे भांडे ज्या कंपनीने दिले, तिचा स्वयंपाकघराशी संबंध तिथे संपला. टीव्ही हायसेन्सकडे गेला. लॅपटॉप, ज्याच्यासाठी ते सगळे "चॅलेंज" झाले होते, 2018 मध्ये शार्पकडे गेला आणि त्याच्या 80 टक्के हिश्शाचे मिळाले फक्त 400 कोटी येन. तीन दिवसांत 1,200 कोटी नफा वाढवायला सांगितलेला विभाग तो हाच. दर रविवारी संध्याकाळी जपानी घराघरांत लागणारी "साझाए-सान" ही कार्टून मालिका तोशिबा 1969 पासून प्रायोजित करत होती, तेही 2018 च्या मार्चमध्ये थांबले.

पण या सगळ्यातून खड्डा भरत नव्हता. भरण्याएवढी किंमत एकाच गोष्टीला होती, ती म्हणजे मेमरी चिप. आज तुमच्या फोनमध्ये फोटो ज्याच्यावर साठतात ती फ्लॅश मेमरी 1980 च्या दशकात तोशिबामध्येच फुजिओ मासुओका या अभियंत्याने शोधली. त्याला कंपनीने काय दिले? त्याला आपल्या शोधाच्या मोबदल्यासाठी 2004 मध्ये कोर्टात जावे लागले. मागणी होती 100 कोटी येनची. 2006 मध्ये तडजोड झाली ती 8 कोटी 70 लाख येनवर. ज्या शोधाची किंमत शोधणाऱ्याला इतकी कमी सांगितली गेली, त्याच शोधावर उभा असलेला धंदा सप्टेंबर 2017 मध्ये बेन कॅपिटलच्या गटाला सुमारे 2 लाख कोटी येनला विकायचा करार झाला. त्या गटात ॲपल होती, डेल होती, कोरियाची एसके हायनिक्स होती. तोशिबाने पुन्हा पैसे घालून त्यात सुमारे 40 टक्के वाटा ठेवला, पण घर दुसऱ्याचे झाले.

आणि इथेच घड्याळ आडवे आले. चिपच्या कारखान्यातली भागीदार वेस्टर्न डिजिटल विक्रीच्या विरोधात लवादात गेली होती. वेगवेगळ्या देशांची परवानगी लागणार होती, चीनची तर कधी येईल सांगता येत नव्हते. 31 मार्चपर्यंत पैसे हातात आले नाहीत तर यादीतले नाव जाणार. म्हणून तोशिबाने डिसेंबर 2017 मध्ये दुसरा उपाय केला. गोल्डमन सॅक्सच्या मदतीने सुमारे 60 परदेशी फंडांना नवे 228 कोटी शेअर विकले, एकेक 262.8 येनला, एकूण 60,000 कोटी येन. एफिसिमो, इलियट, फॅरलॉन, किंग स्ट्रीट अशी त्यातली नावे. कंपनीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एका फटक्यात अशा लोकांकडे गेला ज्यांचा धंदाच अडलेल्या कंपनीत स्वस्तात शिरायचे आणि महागात बाहेर पडायचे हा आहे. मी त्यांना दोष देत नाही. अडल्या गावात सावकार येतो तो दान करायला येत नाही.

मार्च 2018 अखेर मालमत्ता अधिक झाली. नाव वाचले. पुढे काय झाले ते आता वाचा आणि मग ठरवा.

चीनची परवानगी मे महिन्यात आली. 1 जून 2018 रोजी चिप विभागाची विक्री पूर्ण होऊन पैसे हातात आले. लगेच नव्या शेअरधारकांकडून मागणी सुरू झाली की हे पैसे आम्हाला द्या. 8 नोव्हेंबर 2018 रोजी तोशिबाने आपली पाच वर्षांची योजना जाहीर केली. तिच्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. 70,000 कोटी येन खर्चून शेअरधारकांकडून स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायचे. आणि पाच वर्षांत 7,000 माणसे कमी करायची. जे 60,000 कोटी नाव वाचवायला आणले, त्याहून 10,000 कोटी जास्त एका वर्षात परत गेले. ते कशाच्या विक्रीतून? मासुओकाच्या शोधावर उभ्या असलेल्या विभागाच्या.

त्याआधी 2015 च्या डिसेंबरमध्येच घरगुती उपकरणांच्या धंद्यात 6,800 जणांची कपात जाहीर झाली होती. तीन दिवसांचे चॅलेंज ज्यांनी दिले त्यांच्यापैकी कोणी या 6,800 मध्ये नव्हते. 2014 च्या सुमारास तोशिबा समूहात 2 लाख माणसे होती. बाजारातून बाहेर पडताना ती लाखाच्या थोडीच वर उरली होती. त्यातले बरेच जण विकलेल्या विभागांबरोबर दुसऱ्या मालकाकडे गेले, सगळेच घरी बसले असे नाही. पण कोणाकडे जायचे हे त्यांना विचारून ठरले नाही.

पुढची पाच वर्षे भांडणात गेली. फंड म्हणत, कंपनी विका, वाटणी करा. संचालक म्हणत, थांबा. जानेवारी 2021 मध्ये तोशिबा पुन्हा पहिल्या विभागात चढली आणि त्याच वर्षी जूनमध्ये शेअरधारकांनीच मतदानाने नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला. 2020 च्या वार्षिक सभेआधी व्यवस्थापनाने जपानच्या उद्योग मंत्रालयाशी संगनमत करून परदेशी शेअरधारकांवर दबाव आणला होता, असे त्यात निघाले. सभा झाली, अध्यक्षाला मतदानाने घालवले गेले. मग कंपनीचे तीन तुकडे करायचे ठरले, मग दोन, मग मार्च 2022 मध्ये शेअरधारकांनी तेही नाकारले. शेवटी जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स या फंडाच्या गटाने सुमारे 2 लाख कोटी येनला सगळी कंपनी घेतली, त्यातला मोठा भाग बँकांच्या कर्जाचा, आणि 20 डिसेंबर 2023 आला. मे 2024 मध्ये नव्या मालकांनी जपानमधल्या 4,000 पर्यंत नोकऱ्या कमी करायचे जाहीर केले.

आता हिशोब मांडू, कारण "लिस्टिंग लहान गुंतवणूकदारासाठी वाचवले" असे सांगितले जाते. मधल्या काळात दहा शेअरचा एक केला गेला होता. शेवटी एका शेअरला 4,620 येन मिळाले, म्हणजे जुन्या हिशोबाने 462. घोटाळा फुटण्याआधी, 2015 च्या सुरुवातीला हा शेअर 500 येनच्या आसपास होता. तेव्हा घेऊन विश्वासाने धरून बसलेल्या निवृत्त शिक्षकाला किंवा दुकानदाराला, मधला लाभांश सोडला तर, आठ वर्षांनी मुद्दलही पूर्ण मिळाले नाही. जो फंड 262.8 ला शिरला आणि टिकून राहिला, त्याचे पावणेदोन पट झाले. दोघेही कागदावर शेअरधारकच.

तरीही मी असे म्हणणार नाही की 2017 मध्ये नाव काढून टाकायला हवे होते. तेव्हा नाव गेले असते तर बँका घाबरल्या असत्या, कर्ज अडले असते, ग्राहक पळाले असते, कदाचित आणखी घाईने आणखी स्वस्तात सगळे विकले गेले असते. हा युक्तिवाद खरा आहे, त्याला उत्तर द्यावेच लागते. माझा आक्षेप दुसऱ्या ठिकाणी आहे. "कंपनी वाचवणे" आणि "यादीतले नाव वाचवणे" या दोन गोष्टी एकच आहेत, असे गृहीत धरून सगळे निर्णय झाले. नियमाने एकच आकडा मागितला, तो आकडा एका तारखेला अधिक दिसला की झाले. तो अधिक करताना काय विकले, किती माणसे गेली, दारातून कोणाला आत घेतले, याचा रकाना त्या नियमात नव्हताच. जगण्यासाठी लागणारे अवयव विकून हजेरीपटावर नाव कायम ठेवण्यासारखे हे झाले.

हे दुसऱ्या पद्धतीने होऊ शकते का? आपल्याच देशात याचे उदाहरण आहे. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूने पत्र लिहून हिशोब खोटा असल्याची कबुली दिली. केंद्र सरकारने काही दिवसांत जुने संचालक मंडळ बाजूला करून नवे नेमले. आधी ग्राहक टिकवले, पगार चालू ठेवले, मग बोली लावून एप्रिलमध्ये टेक महिंद्रा ही पुण्यात मुख्यालय असलेली कंपनी मालक म्हणून आणली. मुंबईच्या बाजारात नाव राहिले. न्यूयॉर्कच्या बाजारातही सत्यमचे नाव होते. तिथे अमेरिकन पद्धतीचे हिशोब मुदतीत देता येत नाहीत असे दिसल्यावर ऑक्टोबर 2010 मध्ये ते जाऊ दिले. कोणी त्यासाठी विभाग विकले नाहीत. न्यूयॉर्कमधले नाव गेले आणि कंपनीचे काम चालू राहिले. 2015 मध्ये राजूला सात वर्षांची शिक्षा सुनावली गेली, पुढे जामीनही झाला. सत्यम हा काही आदर्श नव्हे. हजारो कर्मचाऱ्यांना तेव्हा काम न देता, पगार कापून "व्हर्च्युअल पूल" नावाच्या यादीत बसवले होते, ते विसरून चालणार नाही. पण आधी काय वाचवायचे याचा क्रम वेगळा लावता येतो, एवढे तरी त्यातून दिसते.

आपल्याकडे सेबीच्या नियमानुसार एखाद्या कंपनीचे नाव सक्तीने काढले गेले, तर तिच्या प्रवर्तकांना 10 वर्षे बाजारात बंदी असते आणि ठरवलेल्या रास्त किमतीला लोकांचे शेअर त्यांनाच विकत घ्यावे लागतात. नियम चांगला आहे, कारण शिक्षेचे टोक तो गुन्हा करणाऱ्याकडे वळवतो. प्रवर्तकाचा पत्ताच लागत नाही अशा वेळी त्याचा किती उपयोग होतो, हा वेगळा लेख होईल. पण या नियमातही कामगार नाही. शेअर घेणाऱ्याची रास्त किंमत काढायला माणूस नेमला जातो, वीस वर्षे त्या कंपनीत खपलेल्याची रास्त किंमत काढायला कोणी नेमले जात नाही. डिमॅट खाते उघडलेल्या आपल्या तरुणांनी शेअर जरूर घ्यावेत. पण जी कंपनी "आम्ही लिस्टिंग टिकवण्यासाठी सर्व ते प्रयत्न करत आहोत" असे पत्रक काढते, तिच्या त्या पत्रकात विकायच्या वस्तूंची यादी आणि कमी करायच्या माणसांचा आकडा कुठल्या ओळीत दडला आहे, तेही शोधावे.

विकलेल्या चिप विभागाचे नाव नंतर बदलून कियोक्सिया ठेवले गेले. बेन कॅपिटलने तो चालवला, एकदा शेअर बाजारात आणायचा प्रयत्न फसला आणि अखेर 18 डिसेंबर 2024 रोजी टोकियो शेअर बाजाराच्या यादीत कियोक्सियाचे नाव लागले. तोशिबाचे नाव वाचवण्यासाठी तो विभाग विकला होता, आणि तोशिबाचे नाव त्याच यादीतून जाऊन तेव्हा एक वर्ष व्हायला दोन दिवस कमी होते.